बोट एकाला लागली, बिनसलं दोघांचं

प्रिय ताई,
लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मे महिन्यात आम्ही दोघं मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ केली. मला जन्मात एवढी मजा आली नव्हती. ह्यांना मात्र पहिल्या रात्रीपासून उलट्या. एजंटने स्वस्तात मिळवून दिलेली खोली नवव्या डेकवर, अगदी पुढच्या टोकाला, बिनखिडकीची. रात्रभर मी उशाशी बसले. पहाटे गोळी घेऊन हे झोपले, तेव्हा मी गोव्यात एकटी उतरले आणि संध्याकाळी वर गाण्यांना गेले. गंमत म्हणून त्यांचा चादरीत गुंडाळलेला फोटो ‘कॅप्टनसाहेब ड्युटीवर’ असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून ‘पैसे पाण्यात घातलेस’ हे रोज ऐकतेय. मला पुन्हा जायचंय. मी स्वार्थी आहे का?
– एक वाचक, ऐरोली

स्वार्थी नाही. गाण्यांना गेलात त्यात काहीच चुकलं नाही. बोट लागलेल्या माणसाला अंधार, शांतता आणि हाताशी बादली एवढंच हवं असतं. सारखं ‘आता कसं वाटतंय?’ विचारणारं माणूस शेजारी असलं तर त्याला उलट जास्तच मळमळतं.

चुकला तो फोटो. धडधाकट माणूस दोन दिवस आडवा पडतो तेव्हा त्याची त्यालाच लाज वाटत असते, आणि ती तुम्ही दीर-जावांच्या पुढ्यात मांडलीत. आता तो सगळ्यांसाठी डिलीट होणार नाही, त्याची मुदत कधीच संपली. तेव्हा त्याच ग्रुपवर एक ओळ लिहा: खोली चुकीची घेतली होती, ह्यांचे हाल झाले, माझी थट्टा अस्थानी होती. स्वयंपाकघरात हळूच म्हटलेलं ‘सॉरी’ इथे पुरणार नाही.

आणि खोली खरंच चुकीची होती. जहाज सी-सॉसारखं हलतं. मध्यावर हालचाल सगळ्यात कमी, टोकांना सगळ्यात जास्त, आणि जितकं वर जाल तितका झोका मोठा. जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, पण ते आडवं डोलणं कमी करतात. नाक वर-खाली होणं त्यांना आवरत नाही, आणि तुमचे यजमान नेमके नाकावर झोपले होते. त्यात खिडकी नाही. आतला कान सांगतो ‘हलतोय’, डोळे सांगतात ‘भिंत तर जागची हलत नाही’. या भांडणातूनच मळमळ सुरू होते. शिवाय महिना मे. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे समुद्राला लाट चढायला लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो त्यातल्या त्यात शांत.

गोळीचंही गणित चुकलं. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. प्रोमेथाझिन थिओक्लेट किंवा मेक्लिझिन ही औषधं बोट सुटण्याच्या तास-दोन तास आधी, लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री घ्यायची असतात. मात्र आधी डॉक्टरांना विचारून. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर हे विचारणं टाळूच नका. गुंगी येते, म्हणून एखाद्या रविवारी घरीच घेऊन बघायची. त्यावर मद्य नाही, गाडी चालवणं नाही.

पोट रिकामं ठेवणं हाही गैरसमज. कोरडा टोस्ट, कुरमुरे, खाकरा थोडा थोडा खायचा, पाणी घोटाघोटाने, तोंडात आलेपाकाची वडी. बुफेतली पावभाजी नको. मोबाइल बघायचा नाही, वाचायचं नाही. जमेल तेव्हा मधल्या उघड्या डेकवर उभं राहून क्षितिजावर नजर ठेवायची.

गोव्यात त्यांना झोपू दिलंत, ते माझ्या मते माया म्हणून बरोबर, उपाय म्हणून उलटं. धक्क्याला लागलेली बोट स्थिर असते, आणि जमिनीवर टेकलेले पाय हे बोट लागण्यावर सगळ्यात जुनं औषध. गोव्यात बोट लागते त्या मुरगाव बंदरापासून पणजी साधारण 30 किलोमीटर, तिथवर त्यांना न्यायची गरजच नव्हती. बंदराशेजारच्या वास्कोत दोन तास सावलीत बसून पेज-भात खाल्ला असता तरी चाललं असतं. मग बोट सुटायच्या आधी डॉक्टरांनी सांगितली असेल तशी पुढची गोळी.

त्यांचं एक म्हणणं मात्र मान्य करा. शरीराला समुद्राची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणजे तीन रात्रींच्या सहलीत माणूस बरा होतो तेव्हा सामान बांधायची वेळ झालेली असते. त्यांच्या वाट्याला फक्त वाईट दिवस आले. त्यांच्या बाजूने पैसे खरंच पाण्यात गेले.

पुन्हा जायचंच असेल तर ‘गॅरंटी’ तिकीट नको, त्यात खोली कंपनी ठरवते. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाचा मजलावार नकाशा, मागवा. मधल्या लिफ्टजवळची, खालच्या डेकवरची, खिडकीची खोली क्रमांकासकट लिहून घ्या. वर आणि खाली खोल्याच हव्यात, डिस्को किंवा स्वयंपाकघर नको. तिथे डोलणं नसलं तरी झोप नसते. फरकाचे पैसे बाल्कनीवर घालू नका, जागेवर घाला. गोळ्या हातातल्या पिशवीत, कारण मोठ्या बॅगा खोलीत पोहोचायला कधीकधी संध्याकाळ होते. फोन बंदर सोडताच फ्लाइट मोडवर, नाहीतर जहाजावरच्या नेटवर्कचं रोमिंग लागून बिल फुगतं.

पण बुकिंगच्या आधी एक स्वस्त चाचणी घ्या. पावसाळा सरला की ऐरोलीहून वाशी, तिथून हार्बरने डॉकयार्ड रोड, पुढे भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट. तासाभराचा प्रवास. ठाण्याच्या तलावपाळीतल्या बोटीवरून काही कळत नाही, त्याला खरा समुद्रच लागतो. सकाळी जा, तेव्हा पाणी संथ असतं. येताना मुद्दाम दुपारची फेरी घ्या, कारण तोवर वारा चढलेला असतो आणि खरी परीक्षा तीच. गोळी ठरल्या वेळी, जागा मध्यावर, नजर बाहेर. कुलाब्याच्या इमारती जवळ यायला लागल्या की त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. रंग ठीक असेल तर विषय काढा. फोटो काढू नका.