गादी फुगली म्हणूनच पाय ठणकतो का? ऊसतोडीहून परतलेल्या मावशींचं दुखणं

"कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत ठणकतंय. शीर दबली मनले. चोळलं की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा हायेच." धारूर तालुक्यातल्या, चाळिशी ओलांडलेल्या एका ऊसतोड मावशींची ही तक्रार. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, गावी आल्या, तोवर दुखणं अंगात मुरलेलं. तेल लावून चोळून झालं होतं, पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून झाला होता. सोबत आलेल्या मुलाच्या हातात एमआरआयचा कागद: कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी किंचित फुगलेली. त्याचे प्रश्न दोन. ऑपरेशन लागेल का? आणि मायोफॅशियल रिलीज (स्नायू आणि त्यावरच्या पडद्याला संथ दाब देणं) म्हणतेत ते चोळण्याहून वेगळं काय?

आधी कागदाचं बोलू. २०१५ मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाठीचं कसलंही दुखणं नसलेल्या चाळिशीच्या लोकांपैकी सुमारे ५० टक्क्यांच्या स्कॅनमध्ये फुगलेली गादी दिसली होती. म्हणजे गादी फुगलेली आहे हे खरं, पण दुखणं तिच्यामुळेच आहे हे त्या कागदावरून ठरत नाही. ते अंगाला हात लावून तपासल्यावर ठरतं.

मावशींना उताणं झोपवून पाय सरळ ठेवत वर उचलला. ७० अंशांपर्यंत गेला, पोटरीत-पावलात कळ उतरली नाही. अंगठा वर ओढायची ताकद दोन्ही पायांत सारखी, पावलावरची स्पर्शाची जाण शाबूत, खोकल्यावर चमक नाही. शिरेचं दुखणं बऱ्याचदा पावलात, बोटांत उतरतं, मुंग्या-बधिरपणा आणतं. यांचं घोट्याशी थांबत होतं. मग कुशीवर वळवून, कमरेच्या हाडाची कड आणि मांडीच्या वरचं बाहेर आलेलं हाड यांच्या मधोमध बोट रुतवलं. "हेच! हेच खाली उतरतंय!" तिथं आत ग्लुटीयस मिनिमस नावाचा छोटा स्नायू असतो. तो चिडला की कळ मांडीच्या आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूनं घोट्यापर्यंत जाते आणि हुबेहूब सायटिका, म्हणजे कमरेची शीर दबून पायात उतरणारं दुखणं, वाटते. अर्थात अशी दुखरी जागा नेमकी कुठं, यावर दोन तपासणाऱ्यांचं एकमत होईलच असं नाही. म्हणून एका बोटावर न विसंबता आधीच्या सगळ्या तपासण्या करायच्या.

तो का चिडला, हे हंगामाकडे बघितलं की कळतं. तासन्‌तास वाकून कोयता चालवायचा, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. चढताना दर पावलाला सगळं वजन एका पायावर येतं आणि कंबर आडवी सावरून धरायच्या कामात हा स्नायूही असतो. रात्री खोपीत जमिनीवर त्याच कुशीवर झोप.

आता चोळण्यातला फरक. चोळताना तेल असतं, हात सरकत राहतो. रिलीजमध्ये तेल नसतं, कारण सरकणाऱ्या हाताला खालचा थर धरता येत नाही. आधी १० मिनिटं शेक. मग दुखरी बाजू वर, गुडघ्यांमध्ये उशी. बोटांचा किंवा कोपराखालच्या हाताचा दाब हळूहळू आत जाऊ द्यायचा आणि पहिला अडसर लागला की तिथंच थांबायचं. ९० सेकंद ते ३ मिनिटं, न रेटता. दुखणं १० पैकी ४-५ च्या वर जाता कामा नये. त्यापुढं स्नायू उलट आवळतो, माणूस श्वास धरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. जागा मऊ लागली की दाब तसाच ठेवून मावशींना गुडघा थोडा पुढं-मागं करायला सांगायचं. एका बैठकीत अशा दोन-तीन जागा पुरेत. त्यांच्या कमरेच्या बाजूचा क्वाड्रेटस लंबोरम हा स्नायूही ताठला होता. बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये तो धरताना हात हलका हवा, तिथं वरच्या अंगाला मूत्रपिंड जवळ असतं.

दाबून आतला पडदा मोकळा केला, गाठी फोडल्या, असं सांगितलं जातं. ते फारसं पटण्यासारखं नाही. मांडीच्या बाहेरचा जाड पट्टा जरासाही बदलायला लागणारा जोर माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेर आहे, असं २००८ च्या एका गणिती अभ्यासात दिसलं. बहुधा संथ दाबानं मज्जासंस्थेचा पहारा सैल होतो, स्नायू ढिला पडतो आणि काही तास, कधी दिवसभर हालचाल सोपी होते. त्या वेळेत स्नायूला काम दिलं नाही तर तो पुन्हा तसाच आवळतो. 'दोन दिवस बरं'चं कोडं तेवढंच आहे.

म्हणून प्रत्येक बैठकीनंतर लगेच व्यायाम: कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, किंचित मागं ठेवून वर उचलायचा, ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या. मग उताणं झोपून कंबर उचलायची. बैठका आठवड्यातून दोन, व्यायाम एक दिवसाआड.

मुलानं पहिल्याच आठवड्यात हौसेनं घरी कोपरानं दाबलं. काळंनिळं झालं, वर पायात मुंग्या आल्या. मुंग्या यायचं कारण, कोपर कुल्ल्याच्या मधोमध पडलं होतं, जिथून सायटिक शीर जाते. दाबल्यावर एखादा दिवस अंग दुखणं ठीक, दोन दिवसांवर गेलं तर दाब जास्त झाला. त्याला मग वेगळं काम दिलं. पोरं क्रिकेटला वापरतात तो टेनिस बॉल भिंत आणि कुल्ल्याची बाहेरची बाजू यांच्यात धरायला आईला शिकवायचं, मिनिटभर, हाडावर नाही. जमिनीवर झोपून बॉल खाली घ्यायची घाई नको, अंगाचं सगळं वजन त्यावर येतं.

लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल लटकं पडलं, किंवा ताप आणि वजन घटण्यासोबत पाठ दुखत असेल, तर दाबत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त पातळ करायच्या गोळ्या, हाडं फार ठिसूळ, एका पोटरीला अचानक सूज येऊन ती गरम लागणं, यातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाब नाही.

चौथ्या आठवड्यात मावशींची घोट्याची कळ गेली. कुल्ल्याचं दुखणं दगदग झाल्यावर अजून डोकावतं. ऑपरेशनचा विषय सध्या नाही, शिरेची लक्षणं दिसली तर पुन्हा तपासू. "मग पुढल्या हंगामाला जावं का नाही?" त्यांनी विचारलं. उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतलेल्या माणसाला 'काम सोडा' सांगणं सोपं आणि निरुपयोगी. मोळी लहान बांधली तर खेपा वाढतात आणि मजुरी टनावर, तेव्हा तेही फुकटात होत नाही. तरी ठरलं ते असं: पाय उचलायचा व्यायाम दसऱ्यापर्यंत सुरू ठेवायचा, फडात पहिले दोन आठवडे मोळी लहान ठेवायची, फळी चढायचं काम नवऱ्यासोबत वाटून घ्यायचं आणि झोपायची कूस बदलायची, गुडघ्यांमध्ये लुगड्याची घडी घालून.