बोरमाळेची किंमत

प्रिय सई,

"पणजीच्या बोरमाळेची किंमत विचारली की सगळे 'तिची किंमत होत नाही' म्हणतात. मग विम्याच्या फॉर्मवर काय लिहायचं?" रास्त प्रश्न आहे. आपल्याकडे दागिन्याची किंमत काढली की तो मोडायलाच निघालेत असं वाटतं, म्हणून विषय टाळतात आणि वाटणीच्या वेळी भांडतात. माझं म्हणणं, किंमत आधी काढावी. माया कुठे पळून जात नाही.

बोरमाळेचे मणी भरीव नसतात. सोन्याच्या पातळ पत्र्याच्या दोन वाट्या जोडून आत लाख भरतात. समज, माळ काट्यावर 24 ग्रॅम भरली आणि त्यात लाख नि दोरा 8 ग्रॅम निघाला, तर सोनं 16 ग्रॅमच. ते 22 कॅरेटचं असलं तर शुद्ध सोनं साधारण 14.7 ग्रॅम. पण जुन्या दागिन्यांवर हॉलमार्क नसतो आणि जोडांच्या डाखाचा (सांधायच्या धातूचा) कस कमी असतो, म्हणून टंच काढून, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासूनच बोलावं. घरच्या जुन्या यादीतला 'तोळा' 11.66 ग्रॅमचा, आजचे सराफ 10 ग्रॅमला तोळा म्हणतात. यावरून भावंडं उगाच एकमेकांवर संशय घेतात.

माळ मोडीत विकली तर घट वजा होते आणि घडवण्याची मजुरी बुडते. तशीच माळ नव्याने घडवायची तर सोनं, मजुरी, कर सगळं आलं. फॉर्मवर हा दुसरा आकडा लिहायचा. इथे अमेरिकेत घराच्या विम्यात दागिन्यांच्या चोरीची भरपाई बहुधा 1,500 डॉलरच्या आसपास थांबते, म्हणून मूल्यांकनाचा कागद आणि फोटो देऊन माळ वेगळी नोंदवावी लागते.

पुण्याच्या घरातल्या लक्ष्मीच्या तसबिरीचं गणित उलटं: तिथे किंमत मालाची नाही, जुन्या छापाची. ते राजा रविवर्मांच्या हातचं चित्र नाही, छापील आहे. त्यांचा छापखाना 1894 मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. भिंगातून पाहा: जुन्या शिळाछापात (दगडावरून केलेल्या छपाईत) ठिपके वेडेवाकडे दिसतात, आजच्या ऑफसेट छपाईत एकसारख्या जाळीत. खालच्या कडेला छापखान्याचं नाव असतं, आणि फ्रेमवाले नेमकी तीच कड कापतात! कड गेली की संग्राहक भाव पाडतो. मागची लाकडी फळी कागद पिवळा करते. आम्लविरहित पुठ्ठा लावावा, ऊन टाळावं. तसबीर इकडे आणायचा हट्ट मात्र नको. 100 वर्षं पुरी झालेली कलावस्तू भारताबाहेर न्यायला 1972 च्या कायद्याने खासगी व्यक्तीला बंदी आहे.

वाटणीचं म्हणशील तर बाईचं सोनं लेकीसुनांकडे जातं ही रीत. बाई हिंदू असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर 1956 च्या वारसा कायद्याने मुलगे, मुली आणि हयात असल्यास नवरा, सगळ्यांचा हिस्सा सारखा. माळ तोडून मणी वाटणं हा सगळ्यात वाईट तोडगा: दागिनाही गेला, सोनंही घटलं. ज्याला ती खरोखर घालायची आहे त्याने घ्यावी आणि बाकीच्यांना मोडीच्या भावाने पैसे द्यावेत. मोडीच्याच, कारण मजुरी कुणाच्याच हातात पडणार नसते.

माळ गरम पाण्यात किंवा सराफाच्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये घालू देऊ नकोस. लाख मऊ झाली की मणी चेपतात. दोरा झिजला की पटवेकऱ्याकडून गाठवून घ्यायची. आणि अत्तर आधी, माळ नंतर: अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

तुझी,
आई