अंगावरून पांढरं जातं, यानं कमजोरी येते का?

तू विचारलंस: वय 22, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतेस, महिन्यातले बरेच दिवस अंगावरून पांढरं जातं, चड्डीवर पिवळसर डाग पडतात. खाज नाही, वास नाही. रूममेट म्हणते कमजोरी येईल, मेडिकलमधून वॉश आण.

मी पुण्यातच स्त्रीरोग ओपीडीत नर्स आहे. वयानं लहान आहेस म्हणून एकेरीत लिहिते. तू सांगतेस तो आजार नाही. यातून ताकद जात नाही, हाडं झिजत नाहीत. रोज चमचाभर स्राव वयात आलेल्या कुठल्याही मुलीला होऊ शकतो, लग्न झालेलं असो वा नसो. थकवा असेलच तर हिमोग्लोबिन तपासून घे, आणि मेसचा डबा अर्धा टाकून देत असशील तर ते आधी थांबव.

पाळी संपल्यावर काही दिवस कोरडं वाटतं. दोन पाळ्यांच्या मध्ये, बीज बाहेर पडायच्या सुमारास, स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा होतो, बोटांत धरला तर तार निघते. मग घट्ट, पांढरट. सुकला की पिवळसर दिसतो. काळ्या चड्डीचा रंग मधोमध उडतो तोही यामुळेच, कारण हा स्राव आम्लधर्मी असतो, पीएच साधारण 3.8 ते 4.5. योनीतले लॅक्टोबॅसिलस जंतू हे आम्ल तयार करतात आणि त्यामुळे इतर जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. आतून साबण किंवा वॉश वापरलास तर हेच संरक्षण धुऊन जातं. बाहेरून साधं पाणी पुरे.

बिघाड वेगळा कळतो. पांढऱ्या गुठळ्या, जीव नकोसा करणारी खाज, लाली: ही बहुधा बुरशी. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर किंवा साखर वाढलेली असली की ती जास्त दिसते. पावसाळ्यात मुली चड्ड्या ओढणीखाली लपवून वाळत घालतात आणि दमटच अंगात घालतात, त्यानंही तिला फावतं. लाजू नकोस, उघड्यावर वाळत घाल. पातळ, करडा स्राव आणि मासळीसारखा वास असेल तर जंतूंचा समतोल बिघडलेला असतो. मेडिकलवाल्यानं खाजेसाठी दिलेली बुरशीची गोळी त्यावर चालत नाही. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव संबंधांतून आलेल्या ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा असू शकतो, तेव्हा जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं.

स्रावासोबत ताप आणि ओटीपोटात दुखणं असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. संबंधानंतर रक्त दिसलं तरी अंगावर काढायचं नाही. आणि घरी आईलाही सांग: पाळी कायमची गेल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी कॅन्सर नाही ना, हे तपासून घ्यायलाच हवं.

कधी जावं लागलं तर ससूनची ओपीडी आहे, महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय आहे. 'अंगावरून जातंय' एवढं म्हटलंस तरी आम्हाला कळतं. शेवटच्या पाळीची तारीख लक्षात ठेव. संबंध आले नसतील तर आधीच सांग, मग आतली तपासणी सहसा टाळतात. आणि जायच्या आधी आत क्रीम किंवा गोळी ठेवू नकोस, नमुना नीट मिळत नाही.