वाचकांचे प्रश्न : इंजिन अडकलंय, पिस्टन बदलू का?

प्रश्न : माझ्याकडे १/८ मापाची नायट्रो बग्गी (रिमोटवर चालणारी, मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनाची छोटी गाडी) आहे, इंजिन ०.२१ घनइंचाचं, म्हणजे साडेतीन सीसी. दोन पावसाळे ती माळ्यावर पडून होती. आता फ्लायव्हील हलतच नाही. पान्याने जोर लावू का? दुकानदार पिस्टन आणि तो ज्यात वर-खाली सरकतो ती नळी, म्हणजे लायनर, यांचा नवा जोड घ्या म्हणतो.
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : पाना लावू नका, आणि जोड इतक्यात विकत घेऊ नका. अशा इंजिनात आधी खराब होतात ती बेअरिंगं. इंधनातलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत आणि क्रँककेसमध्ये (क्रँक ज्यात फिरतो ते इंजिनाचं घर) राहिलेलं इंधन वडोदऱ्याच्या पावसाळ्यात पोलादावर गंज चढवतं. त्यातलं एरंडेल सुकून चिकट होतं आणि पिस्टन धरून ठेवतं.

ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) काढा, भोकातून आफ्टर-रन ऑइलचे (गाडी चालवून झाल्यावर इंजिनात टाकायचं गंजरोधक तेल) पाच-सहा थेंब सोडा आणि हेअर ड्रायरने हेड चांगलं तापवा. मग फ्लायव्हील हाताने मागे-पुढे हलवा, सुटेल. नाही सुटलं तर पुन्हा तापवा. इथे घाई केली की पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो.

खोलताना क्रम पाळा. क्लच, कार्ब्युरेटर, मागचं झाकण, मग हेड. हेडचे स्क्रू आलटून-पालटून समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. हेडखालच्या पातळ शिम (धातूच्या चकत्या) किती आहेत ते लिहून ठेवा. परत बसवताना एक कमी पडली तर कॉम्प्रेशन वाढतं आणि प्लग जळत राहतात. लायनर हाताने येत नसेल तर पिस्टन खाली न्या, एक्झॉस्ट पोर्टमधून नायलॉनचा केबल टाय आत घाला आणि फ्लायव्हील हळू फिरवा. पिस्टन टायला वर ढकलतो आणि लायनर उचलला जातो. हे काम रॉड क्रँकपिनवर (क्रँकची रॉड अडकवायची खुंटी) असतानाच होतं. धातूचं काहीही आत घालू नका. पिस्टनची एक्झॉस्टकडची बाजू मार्करने खूण करून ठेवा, तो उलटा बसता कामा नये.

आता बेअरिंगं. फ्लायव्हील आणि त्यामागचा कोन पुलरने काढून क्रँक मागून बाहेर घ्या. रिकामा क्रँककेस १५० अंशांवर दहा मिनिटं तापवून लाकडावर आपटला की मागचं बेअरिंग आपोआप पडतं. पुढचं आतून लाकडी दांड्याने ढकला. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नका, हीट गन चालते. या वर्गातल्या बहुतेक इंजिनांत पुढचं बेअरिंग ७×१९×६ मिलिमीटर, म्हणजे ६०७ नंबरचं असतं. बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतं. मागचं १४×२५.४×६ मात्र खास मापाचं, ते मागवावं लागतं. तरी घेण्याआधी जुनं कॅलिपरने मोजाच. नवी बेअरिंगं तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, क्रँककेस गरम करा, आणि दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्या. आतल्या कड्यावर ठोकलं तर गोळ्यांच्या मार्गावर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरतं. पुढच्या बेअरिंगचं बाहेरचं सील राहू द्या, आतल्या बाजूचं काढा.

रॉड क्रँकपिनवर धरून वर-खाली हलवून पाहा. तिथे खडखड जाणवली तर बदला. आजूबाजूला थोडं सरकणं चालतं. गंजाचा चुरा रॉडच्या भोकातल्या बुशमध्ये गेलेला असतो, म्हणून बेअरिंगांसोबत रॉडही बदलावा असं आमचं ठाम मत आहे. तुटलेला रॉड क्रँककेस फोडतो.

पिस्टनचा निर्णय यानंतर. लायनर वरच्या टोकाला मुद्दाम अरुंद घासलेला असतो. स्वच्छ, कोरडा, थंड पिस्टन खालून बोटाने ढकलला की तो वरच्या टोकाच्या थोडा अलीकडे अडकायला हवा. थंड इंजिनाची ही पकड म्हणजे इंजिन निरोगी असल्याची खूण; तापल्यावर लायनर प्रसरण पावून ती सुटते. पिस्टन सरळ वरपर्यंत निघून गेला, किंवा एक्झॉस्ट पोर्टजवळ क्रोमखालचं पितळ पिवळं दिसलं, तरच जोड घ्या.

बसवताना मागच्या झाकणाची आणि कार्ब्युरेटरच्या बुडाची ओ-रिंग नवी टाका. तिथून हवा शिरली तर आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वर-खाली होत राहतं आणि कार्ब्युरेटरची इंधन कमी-जास्त करणारी सुई कितीही फिरवली तरी बसत नाही.

प्रश्न : बांधलेलं इंजिन पुन्हा रन-इन करावं, म्हणजे सुरुवातीला हळूहळू चालवून रुळवावं लागेल का?

उत्तर : जुनाच जोड असेल तर एक टाकी रिच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त ठेवून, चालवणं पुरे. जोड नवा असेल तर हेड आधी ७० अंशांपर्यंत तापवूनच सुरू करा, चार-पाच टाक्या रिच चालवा, तापमान ९०-१०० अंशांत ठेवा. प्रत्येक टाकीनंतर पिस्टन खाली नेऊन इंजिन थंड होऊ द्या. पुढे १०५ ते १२० अंश योग्य. एक लक्षात ठेवा : मेमध्ये बसवलेली सुई उत्तरायणाच्या थंड सकाळी लीन पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, कारण थंड हवा दाट असते. तेव्हा हाय-स्पीड सुई अष्टमांश फेरा उघडा.

प्रश्न : पावसाळ्यात गाडी ठेवताना काय करावं?

उत्तर : टाकी रिकामी करा आणि उरलेलं इंधन इंजिन बंद पडेपर्यंत जाळून टाका. मग प्लगच्या भोकात आणि कार्ब्युरेटरमध्ये आफ्टर-रन ऑइलचे काही थेंब टाकून इंजिन फिरवा, जेणेकरून मागच्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचेल. मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जातं, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. हातमोजे घाला, काम उघड्यावर करा. पावसाळाभर उघडा राहिलेला इंधनाचा कॅन मात्र पुन्हा वापरू नका.