घडीची व्हीलचेअर : उचलताना, नेताना, जपताना

प्रश्न : माझी आई गेली दोन वर्षे हाताने ढकलायची, घडी होणारी व्हीलचेअर वापरते. घरात काही अडचण नाही. पण ती गाडीच्या डिकीत चढवताना माझी कंबर धरते, घडी उलगडताना एकदा बोट चांगलेच चेमटले, आणि अलीकडे दोन्ही ब्रेक लावूनही खुर्ची उतारावर सरकू लागली आहे. ब्रेक बदलावेत की खुर्चीच बदलावी?

उत्तर : तूर्त दोन्ही नको, आधी हवा भरायचा पंप शोधा. या खुर्चीचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबून बसणारा लोखंडी दांडा असतो. टायरमधली हवा कमी झाली की टायर आत दबतो आणि दांड्याला धरायला काही उरत नाही, त्यामुळे ब्रेक ठणठणीत असूनही खुर्ची सरकते. हवा किती भरायची हे टायरच्या बाजूवर छापलेले असते. तेवढी भरून पुन्हा उतारावर तपासा, अर्थात खुर्ची रिकामी असताना. मोटारींच्या टायरसाठी असलेल्या कॉम्प्रेसरने भरणार असाल तर थोडी थोडी भरा, कारण या ट्यूबमध्ये जागा फारच कमी असते आणि क्षणभर जास्त हवा गेली तरी ती फुटू शकते. हवा पुरेशी असूनही ब्रेक सैल वाटला, किंवा टायर भरीव रबराचे असून झिजले असतील, तर ब्रेकची पट्टी ज्या बोल्टने सांगाड्याला आवळलेली असते तो सैल करून ती किंचित टायरकडे सरकवावी आणि दोन्ही बाजूंची पकड सारखी आहे ना, ते पाहावे. हा ब्रेक खुर्ची उभी असताना लावायचा आहे. उतारावर वेग कमी करण्यासाठी तो ओढण्याची सवय असेल तर ती आजच मोडावी.

बोट चेमटण्याचे कारण तुमच्या पकडीत आहे. बैठकीखाली दोन दांडे कात्रीसारखे एकमेकांवर आडवे असतात आणि मध्ये एका बोल्टने जोडलेले असतात. खुर्ची उघडताना बैठकीच्या नळ्या मुठीत धरल्या, तर त्या खाली सांगाड्यावर बसताना बोटे मध्ये सापडतात. म्हणून खुर्ची किंचित एका बाजूला कलवून, दोन्ही तळवे नळ्यांवर सपाट ठेवावेत, बोटे आतल्या बाजूला म्हणजे बैठकीच्या कापडावर असावीत, आणि नळ्या खाचेत नीट बसेपर्यंत दाबावे. घडी करताना आधी उशी काढावी, पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचलाव्यात आणि कापडाची पुढची व मागची कड मध्यभागी धरून सरळ वर ओढावी.

आता कंबर. हॅरी जेनिंग्ज या अभियंत्याने १९३३ साली आपल्या मित्रासाठी, खाणीतल्या अपघातात जायबंदी झालेल्या हर्बर्ट एव्हरेस्टसाठी, नळ्यांची घडीची खुर्ची बनवली, तीच मुळी मोटारीत मावावी म्हणून. घडी झाली तरी वजन मात्र तेवढेच राहते, ही तक्रार तेव्हापासूनची असणार! साधी लोखंडी खुर्ची १६ ते १८ किलोंची किंवा त्याहूनही जड असते, ॲल्युमिनियमची साधारण ११ ते १५ किलोंची. ती आहे तशी उचलू नका. उशी आणि फूटरेस्ट आधी वेगळे करा. मागच्या चाकांच्या मध्यभागी दाबायचे बटण असेल तर चाकेही काढा, म्हणजे उरलेला सांगाडा बराच हलका होतो. उचलताना हात टेकायचे दांडे किंवा फूटरेस्ट धरू नका. सुटे होणारे भाग ऐन वेळी हातात येतात आणि खुर्ची पायावर पडते. सांगाड्याच्या पक्क्या नळ्या धरा, गुडघे वाकवा, खुर्ची अंगालगत ठेवा आणि आधी डिकीच्या कडेवर टेकवून मगच आत सरकवा. कडेवर जुनी चादर टाकली की गाडीचा रंगही वाचतो. आत ठेवल्यावर चाकांच्या तारांवर दुसरे सामान रचू नये आणि खुर्ची पट्ट्याने बांधावी. मुक्कामी चाके परत बसवल्यावर प्रत्येक चाक बाहेर ओढून पाहा. ते निघून आले, तर आस पक्की बसलेली नाही.

प्रश्न : वडिलांना खुर्चीतून उठवणे अवघड जाते. त्यांना व्हीलचेअरवरच बसवून गाडीतून नेले तर चालेल का?

उत्तर : साध्या घडीच्या खुर्चीवर नको. तसा प्रवास करायचा तर खुर्ची त्यासाठी तपासलेली असावी लागते (त्याचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ७१७६-१९ हे आहे), ती गाडीच्या तळाला चार पट्ट्यांनी जखडावी लागते आणि माणसाला गाडीचा वेगळा पट्टा लागतो. खुर्चीचा स्वतःचा कमरपट्टा फक्त बसण्याचा तोल सांभाळतो, अपघातात त्याचा भरवसा नाही. सरकफळी (खुर्ची आणि आसन यांच्यामध्ये पुलासारखी ठेवायची गुळगुळीत फळी) वापरून गाडीच्या आसनावर कसे न्यायचे, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या.

प्रश्न : खुर्ची एका बाजूला ओढते आणि पुढची चाके कुरकुरतात. तेल सोडावे का?

उत्तर : तेलाआधी कात्री आणि चिमटा घ्या. पुढचे छोटे चाक आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारा दुबेळका यांच्यामधल्या फटीत केस आणि दोरे गुंडाळले जातात, धुळीने ते नमद्यासारखे घट्ट होतात आणि मग चाक फिरण्याऐवजी घासत जाते. आसेचा बोल्ट काढून हा गुंता कापून टाकला की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. त्यानंतरही खुर्ची ओढत असेल तर दोन्ही टायरची हवा सारखी आहे का, ते पाहा; पुढचे चाक वाकडे झाले असेल तर ते काम दुरुस्ती करणाऱ्याचे. सीलबंद बेअरिंगमध्ये पातळ तेल फवारू नये, कारण आतले ग्रीस विरघळून निघून जाते. बैठकीखालच्या कात्रीच्या बोल्टला मात्र कोरड्या सिलिकॉन वंगणाचा एखादा फवारा हरकत नाही, फक्त टायरवर थेंबही उडू देऊ नका. खुर्ची पाण्याच्या जोरदार धारेने धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. महिन्यातून एकदा मोठ्या चाकांच्या तारा दोन-दोन करून बोटांत दाबा. एखादी सैल लागली तर सायकलवाल्याकडून चाकाचा आउट काढून, म्हणजे तारा आवळून चाक सरळ करून घ्या.

जाता जाता बैठकीचे कापडही पाहा. ते झोळीसारखे लोंबू लागले तर मांड्या आत वळतात आणि माणूस एका कुशीवर कलतो. त्यावर जाड उशी टाकून भागत नाही, कारण तीही त्याच खोलगटात बसते. कापडच बदलावे लागते.