एरवी न पिणारी मुलं पार्टीत इतकी का पितात?

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एरवी महिनोन्‌महिने दारूला हात लावत नाही. पण कुणाचा वाढदिवस असला किंवा परीक्षा संपली, की किती प्यायलो ते कळतच नाही. परवा रूममेटच्या वाढदिवसाला तो इतका प्यायला की उलट्या करून आडवा झाला. आम्ही दार लोटून पुन्हा बसलो. सकाळी तो ठीक होता, पण माझी भीती जात नाही. असं का होतं?

उत्तर : भीती वाटली हे बरंच झालं. रात्रपाळीला तातडीच्या विभागात अशी मुलं आली की मी सोबतच्यांना विचारते, ‘रोज पितो का?’ बहुतेकदा उत्तर येतं, ‘नाही हो, आज पार्टी होती.’

पार्टीत प्रमाण आपल्या हातात राहत नाही. ग्लास अर्धा असतानाच कुणीतरी भरतं, मग मोजणार काय? ज्याचा वाढदिवस, त्याला प्रत्येक जण एकेक पाजतो. त्यात बाकीचे आपल्यापेक्षा जास्त पितात असं प्रत्येकाला वाटत असतं. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासांत हा गैरसमज वारंवार दिसलाय. तिथे दारू पिण्याचं कायदेशीर वय २१, आणि त्या वाढदिवशी मुलं एरवीपेक्षा कितीतरी जास्त पितात.

यकृत साधारण तासाला एक छोटा पेग निपटतं. कॉफीने किंवा गार पाण्याच्या अंघोळीने तो वेग वाढत नाही.

आता त्या लोटलेल्या दाराबद्दल. माणूस झोपला तरी पोटातली दारू रक्तात जातच राहते. आडवा होताना बरा दिसणारा तासाभराने जास्त बिघडू शकतो. उताणा असेल आणि उलटी श्वासनलिकेत गेली, तर जीव जातो. त्याला कुशीवर झोपवा, आणि शुद्धीतल्या कुणीतरी शेजारी बसा. हलवूनही उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी होत असेल, अंग गार किंवा ओठ निळसर पडले असतील, तर थेट रुग्णालयात न्या. घरी कळेल या धास्तीने मुलांना उशिरा आणतात, याचं मला फार वाईट वाटतं. आम्ही आधी श्वास बघतो, चौकशा नंतर.

पुढच्या वेळी जेवून जा. किती घ्यायची, की घ्यायचीच नाही, ते निघण्याआधीच ठरव. आणि वाढदिवसवाल्याला आग्रह सुरू झाला, की ‘बास, त्याला पुरे झाली’ हे तू मोठ्याने म्हण. त्याला स्वतःला त्या क्षणी ते म्हणणं फार जड जातं.