घरून काम आवडतं की ऑफिस, हे स्वभावावर ठरतं की घरच्या परिस्थितीवर?

तुम्ही विचारलंय की काहींना घरून काम नकोसं का होतं आणि काही जण त्यासाठी नोकरी सोडायलाही का तयार असतात. माझ्या मते यात स्वभावापेक्षा घराचा वाटा मोठा आहे. माझा स्वभाव होता तसाच आहे, आवड मात्र बदलत गेली.

एकटी राहत होते तेव्हा घरून काम सुरू झालं. दोन आठवडे छान गेले. मग एका शुक्रवारी लक्षात आलं की आठवडाभरात मीटिंग सोडून मी कोणाशी बोललेच नव्हते. ऑफिस उघडलं त्या पहिल्याच दिवशी मी हजर होते, माणसांसाठी.

पुढे मुलगी झाली, बाबा आजारी पडून आमच्याकडे आले आणि मलाच घरून काम हवं झालं. बाबांचं दुपारचं औषध चुकत नव्हतं, प्रवासाचा वेळ वाचत होता. पण दार लावून बसायला एकच खोली, आणि ती नवऱ्याच्या वाट्याला गेलेली. त्याचा कॉल असला की सगळे हळू बोलायचे. माझ्या कॉलमध्ये मात्र कोणीतरी काहीतरी विचारायला यायचंच. 'तू घरीच आहेस ना', हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ऐकलं असेल! मुद्दाम कोणी करत नव्हतं, तरी संध्याकाळी रडू यायचं. शेवटी आम्ही ठरवलं, सकाळचे तीन तास खोली माझी आणि त्या वेळात घरातलं सगळं तो बघणार. माझं खरं काम त्या तीन तासांतच व्हायचं.

चीनमधल्या सीट्रिप या प्रवासकंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१०-११ मध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला होता. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, हा आकडा सगळे सांगतात. पण त्यात भाग घ्यायला घरी कामापुरती स्वतंत्र खोली असणं ही अटच होती. म्हणजे ज्यांच्या घरात जागा नाही ते त्या आकड्यात आलेच नाहीत. शिवाय प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितली तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक ऑफिसला परतले, मुख्यतः एकटेपणामुळे.

आणखी एक गोष्ट, जी सहसा बोलली जात नाही. आमच्या टीममधला एक जण सक्ती नसतानाही रोज ऑफिसला यायचा. घरी नेट नीट चालत नाही, म्हणायचा. खूप नंतर कळलं की घरी रोज भांडणं होती. त्यामुळे कोणी ऑफिसच हवं म्हटलं तर मी आता कारण विचारत नाही.

सध्या बाबा बरे होऊन त्यांच्या घरी गेलेत, मुलगी शाळेत जाते, दुपारी घर शांत असतं. मी दोन दिवस ऑफिसला जाते, तीन दिवस घरून काम करते. मुलीला सुट्ट्या लागल्या की हे गणित पुन्हा मांडावं लागतं.